सध्या काय वाचताय ते सांगायचं कसं? नवीन मंडळींसाठी

वाचकांच्या ऑनलाइन गटात "सध्या काय वाचताय?" असं कोणी विचारलं की बरीच मंडळी गप्प बसतात, आणि ती वाचत नाहीत म्हणून गप्प बसतात असं अजिबात नाही. पुस्तक अजून अर्धंच झालंय, मत बनलेलं नाही, पुस्तक फार भारदस्त नाही, आपल्याला परीक्षण वगैरे लिहिता येत नाही, बाकीचे केवढं छान लिहितात, अशी सगळी कारणं एकदम डोक्यात येतात आणि मग माणूस इतरांचं वाचतो, एखादा अंगठा देतो आणि निघून जातो. हे सगळं अशा लोकांसाठी लिहितेय. मला मनापासून वाटतं की या गप्प राहणाऱ्यांकडे सांगण्यासारखं खूप असतं आणि ते सांगायला जे लागतं ते अगदी थोडं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. सध्या वाचतोय ते सांगणं आणि परीक्षण लिहिणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षण पुस्तक मिटल्यावर येतं, त्यात निवाडा असतो, पुस्तक कुठे उभं राहिलं कुठे पडलं याचा हिशोब असतो. आणि सध्या काय वाचतोय ते मात्र पुस्तक उघडं असतानाच सांगायचं असतं. मत बनलेलं नाही ही इथे अडचण नाहीच, उलट तेच हवं आहे, कारण शेवट कळल्यावर सुरुवातीला काय वाटलं होतं ते माणूस विसरतो, किंवा शेवटाच्या हिशोबाने बदलून टाकतो. चाळिसाव्या पानावर तुम्हाला जो संशय आला, जो कंटाळा आला, जे पात्र आवडलं, ते त्या वेळी लिहिलं नाही तर नंतर ते कुठेच सापडत नाही.

आणि यात नवीन काही नाही. कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापून यायच्या तेव्हा सगळे वाचक कायम मध्येच असायचे. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातच क्रमशः आली, म्हणजे तेव्हाच्या वाचकाला पुढच्या अंकापर्यंत थांबण्याशिवाय इलाजच नव्हता, जे काही बोलायचं ते अर्ध्या वाचलेल्या गोष्टीवरच. इंग्रजीत डिकन्सचंही तेच, १८३६ पासून त्याची पहिली कादंबरी महिन्याच्या भागांमध्ये आली. तेव्हा अर्धवट पुस्तकावर बोलायला लाजू नका, वाचकांची ती फार जुनी सवय आहे.

आता एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी: पुस्तकाची ओळख नीट द्या

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात. "एक मस्त पुस्तक वाचतोय शिवाजी महाराजांवरचं" एवढंच लिहिलं तर समोरच्याने काय शोधायचं? एकाच विषयावर शेकडो पुस्तकं असतात, एकाच नावाचीही अनेक असतात. तेव्हा नाव पूर्ण, कव्हरवर आहे तसं, उपशीर्षक असेल तर तेही. लेखकाचं नाव पूर्ण. मराठीत तर आद्याक्षरांनी गोंधळ होतो, आडनाव सारखं आणि आद्याक्षर वेगळं असे कितीतरी लेखक आहेत, म्हणून "कुलकर्णींचं पुस्तक" यातून कुणालाच काही कळत नाही.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव टाकाच टाका. यावर मी जरा हट्टी आहे. तुम्ही जी भाषा वाचताय, जिच्यावर खूश होताय किंवा वैतागताय, ती त्या माणसाने लिहिलेली आहे. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते, २०२२ साली ते लेखिका गीतांजली श्री आणि अनुवादक डेझी रॉकवेल या दोघींना मिळून मिळालं, आणि आपण मात्र पोस्ट लिहिताना अनुवादक विसरतो. शिवाय व्यवहाराचा मुद्दाही आहे. गाजलेल्या परदेशी पुस्तकांचे दोन-तीन अनुवाद असतात, त्यातला एखादा संक्षिप्त असतो, तर तुम्ही कोणता वाचताय ते कळलं नाही तर समोरचा भलतंच पुस्तक घेऊन बसेल आणि म्हणेल मला तर काहीच विशेष वाटलं नाही.

हे सगळं शोधायला कुठे जायची गरज नाही. पुस्तक उघडलं की नावाच्या पानामागे जे बारीक अक्षरांतलं पान असतं ना, जे आपण सगळे सरळ उलटून टाकतो, त्यावर प्रकाशक, आवृत्ती, साल, मूळ पुस्तकाचं नाव, अनुवादक सगळं असतं. तिथेच किंवा मागच्या कव्हरवर आयएसबीएन नंबर असतो. २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी दिसेल, आणि फार जुन्या पुस्तकांवर नसेलच. हा नंबर त्या पुस्तकाच्या त्याच आवृत्तीचा असतो, म्हणून कोणी "मला नेमकं हेच पाहिजे" म्हणालं तर तो देऊन टाका, काम संपलं. रोजच्या सांगण्यात मात्र नंबर लिहायची काही गरज नाही, नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक एवढं पुरे.

दुसरी: कुठवर आलात ते सांगा

ही एक ओळ असते पण तिच्यामुळे सगळं बदलतं. "अकराव्या प्रकरणात आहे" असं लिहिलंत की वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात, एक म्हणजे तुमचं मत किती वाचून झालेलं आहे, दुसरं म्हणजे तुमच्याशी कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल नाही, आणि तिसरं, पुढे जाऊन तुमचं मत उलटलं तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. पान नंबर लिहिला तर त्याखाली तुम्ही हवं ते मोकळेपणाने म्हणू शकता कारण ते मत त्या पानापुरतंच आहे.

पान नंबर की प्रकरण? शक्यतो प्रकरण. पान नंबर आवृत्तीगणिक बदलतात, मोठ्या टायपातल्या पुस्तकाचं पान १२० हे छोट्या आवृत्तीत ९० असू शकतं. ई-बुकवर तर अक्षर मोठं केलं की स्क्रीनवरची पानं वाढतात, म्हणून तिथे टक्के सांगा, किंडलवर लोकेशन नंबर दिसत असेल तर तोही चालेल कारण तो अक्षराच्या आकाराने बदलत नाही. पण टक्क्यांमध्ये एक गडबड असते, ज्या पुस्तकाच्या शेवटी टिपा आणि सूची भरपूर आहेत ते सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवरच संपतं, त्यामुळे "अजून बरंच आहे" म्हणता म्हणता पुस्तक अचानक संपून जातं. ऑडिओबुक ऐकत असाल तर तास-मिनिटांपेक्षा प्रकरणच सांगा, कारण कोण दीडपट वेगाने ऐकतं कोण सावकाश. कवितासंग्रह, कथासंग्रह असेल तर सरळ "पहिल्या चार कथा झाल्या", बस.

तिसरी पायरी, आणि खरं काम इथे आहे: एकच गोष्ट सांगा

नवीन माणूस इथे अडतो. त्याला वाटतं आता कथानक सांगायचं, मग पात्रं, मग भाषाशैली, मग संदेश. शाळेतल्या रसग्रहणाची सवय हो, दुसरं काय. यातलं काहीही करू नका. कथानक तर नकोच, ते मागच्या कव्हरवर असतंच आणि ज्याला पाहिजे तो तिथे वाचेल. तुमच्याकडे जे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे नाही ते म्हणजे या आठवड्यात हे पुस्तक वाचताना तुम्ही कुठे थांबलात. ते सांगा. एकच ठिकाण. दोन झाली तर दुसरं पुढच्या वेळेसाठी ठेवा.

ते ठिकाण सापडत नसेल तर मी काही प्रश्न देते, यातल्या एकाचं तरी उत्तर तुमच्याकडे नक्की असेल. कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवून उगाच वर बघत बसलात? कोणता परिच्छेद परत वाचला, आवडला म्हणून की कळला नाही म्हणून? कोणत्या माणसाचा राग आला? कुठलं पान न वाचता पुढे गेलात, खरं सांगा, कारण हेही महत्त्वाचं आहे, तीनशे पानांच्या पुस्तकात लोक नेमकं कुठे कुठे पानं उलटतात हे कळलं की त्या पुस्तकाबद्दल बरंच कळतं. कोणता शब्द आयुष्यात पहिल्यांदा भेटला? पुस्तकाचा वेग कसा आहे, रात्री जागवतं की दोन पानांत झोप येते? तुम्हाला आधी माहीत असलेली कोणती गोष्ट त्यात वेगळीच निघाली?

"छान आहे, नक्की वाचा", "अप्रतिम", "निःशब्द", "मस्ट रीड" हे शब्द आले की थांबा. ते चुकीचे आहेत असं नाही, तुम्हाला खरंच तसं वाटलेलं असतं, पण ते कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतात त्यामुळे वाचणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. त्या शब्दाच्या पुढे फक्त "कारण" लिहा आणि वाक्य पुरं करा. "अप्रतिम आहे, कारण आजीच्या मरणाचा प्रसंग तीन ओळींत संपवलाय." हे वाक्य वाचून मी ते पुस्तक शोधायला जाईन, नुसत्या अप्रतिमवर नाही जाणार.

एक नमुना देते म्हणजे लक्षात येईल. समजा कोणी असं लिहिलं:

"बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर. सुरुवातीची प्रकरणं झालीत. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलाय आणि शाळेत पोरंच नाहीत कारण ती मेंढरांमागे जातात. मी अडकलोय ते वाक्यांपाशी, किती लहान आहेत, आणि तरी माळ, ऊन, माणसं सगळं दिसतं. लेखक चित्रंही काढायचे म्हणे, त्याचा हा परिणाम असेल का? ज्यांनी त्यांचं बाकीचं वाचलंय त्यांनी सांगा, सगळीकडे असंच लिहितात का?"

मोजून पाच-सहा वाक्यं. कथानकातलं जे सांगितलंय ते पहिल्या थोड्या पानांतलं आणि जगजाहीर. मुद्दा एकच, वाक्यं. आणि शेवटी एक प्रश्न, जो खरा आहे, ज्याचं उत्तर त्या माणसाला हवंय. असा प्रश्न असला की ज्याने ते पुस्तक वाचलंय त्याला बोलायला जागा मिळते आणि ज्याने नाही वाचलं त्यालाही कळतं की इथे काहीतरी बघण्यासारखं आहे. "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न मात्र टाळा, तो फार मोघम आहे आणि त्याला कोणीच उत्तर देत नाही.

पुस्तक आवडत नसेल तरी याच पद्धतीने. "बोअर आहे" ऐवजी कुठे कंटाळा आला ते. "साठ पानं झाली, अजून नुसती वंशावळ चालू आहे, कोणी सांगेल का कधी सुटतं?" यावर हमखास कोणीतरी येऊन सांगतं की तिसऱ्या प्रकरणावर सरळ उडी मार, किंवा बाबा रे सोड, पुढेही तसंच आहे. दोन्हींचा उपयोगच होतो.

चौथी: स्पॉयलर

स्पॉयलर म्हणजे पुढे काय होतं ते आधीच फोडून टाकणं. यावरून भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर.

२०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड यांचा, एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून आणि काहींना न सांगता, तर शेवट माहीत असलेल्यांनाच कथा सरासरी जास्त आवडल्या. हा अभ्यास हाताशी धरून काही जण म्हणतात की बघा स्पॉयलरने काही बिघडत नाही. मला हे पटत नाही. त्या लघुकथा होत्या, आठ-दहा दिवस उशाशी ठेवलेली कादंबरी नव्हती, आणि मुख्य म्हणजे शेवट आधी कळावा की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं, तुम्ही-आम्ही नाही. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून चालू आहे आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. इतकी वर्षं लोक ती विनंती बऱ्यापैकी पाळतात, तर आपल्यालाही जमेल.

साधा नियम असा ठेवा की मागच्या कव्हरवर जे छापलंय आणि पहिल्या थोड्या पानांत जे घडतं ते मोकळेपणाने सांगा. त्यापुढचं सांगायचं असेल तर आधी स्पष्ट लिहा, "पुढे आठव्या प्रकरणापर्यंतचं आहे", मग दोन-चार ओळी रिकाम्या सोडा आणि मग लिहा. नुसतं "स्पॉयलर अलर्ट" पुरत नाही, कुठपर्यंतचा स्पॉयलर ते लिहिलं की दहाव्या प्रकरणात असलेला माणूस बिनधास्त वाचू शकतो.

आणि काही स्पॉयलर दिसत नाहीत पण असतात. "शेवटचा धक्का जबरदस्त आहे" हा स्पॉयलरच आहे, आता वाचणारा प्रत्येक पानावर धक्क्याची वाट बघत बसणार. "त्या पात्राच्या प्रेमात पडू नकोस" हाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणी उत्साहाने "मला वाटतं भाऊच दोषी आहे" असं लिहिलं की त्याखाली "हाहा, वाच वाच, मग कळेल." असं करू नका. त्याचा अंदाज बरोबर असो की चूक, तुम्ही त्याला उत्तर देऊन टाकलंत. अशा वेळी फक्त विचारा, असं का वाटतं तुला? त्याला बोलू द्या.

आत्मचरित्रं आणि इतिहास यांचं काय? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्यांच्या पतीने, ना. वा. टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे सांगितलं तर तो स्पॉयलर नाही, ते सगळीकडे नोंदलेलं आहे. पण ते कळल्यावर लक्ष्मीबाईंनी काय केलं, कसं सांगितलं, त्यातला एकेक प्रसंग, तो त्यांच्याच तोंडून ऐकण्यात जे आहे ते आपल्या सारांशाने घालवू नका. घटना सांगा, प्रसंग ठेवा.

पाचवी: फोटो, उतारे, पीडीएफ

कव्हरचा फोटो टाका, छान वाटतं आणि शोधायलाही सोपं जातं. उजेडात काढा, नाव वाचता आलं पाहिजे. पुस्तक जुनं, दुसऱ्याचं किंवा ग्रंथालयाचं असेल तर आतल्या पानाचा फोटो टाकण्याआधी एकदा बघून घ्या, तिथे कोणाचं तरी नाव, पत्ता, फोन, "प्रिय अमुकला" अशी खासगी ओळ असते, ती झाका.

उतारा द्यायचा तर दोन-तीन वाक्यं, टाइप करून, अवतरणचिन्हात आणि पान नंबरासकट. टाइप करण्याचा फायदा म्हणजे फोनवर डोळे ताणून वाकडं पान वाचावं लागत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकांनाही ते ऐकता येतं. आणि टाइप करताना तुमच्या लक्षात येतं की हे वाक्य खरंच एवढं चांगलं आहे का, बऱ्याचदा अर्ध्यात कळतं की नाही. उतारा नेमका उतरवा, शब्द आठवणीतून लिहू नका. फिरत फिरत आलेलं सुंदर वाक्य अमक्या लेखकाचं म्हणून टाकण्याआधी ते त्याच्या पुस्तकात स्वतः पाहिलंय का ते बघा, नसेल तर राहू द्या.

पूर्ण प्रकरणाचे फोटो किंवा पीडीएफ नको. चर्चेसाठी थोडकं उद्धृत करायला कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातही जागा आहे, १८८६ च्या बर्न करारातून आलेली ही चौकट आहे, योग्य प्रमाणात आणि नाव देऊन उद्धरण घेता येतं. पण अख्खं पुस्तक वाटणं हे त्यात बसत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या लेखकाचं वाचून आपण भारावलोय त्याचंच पुस्तक फुकट फिरवायचं हे मनाला पटायला नको का? कोणी "पीडीएफ आहे का" विचारलं तर प्रकाशकाचं नाव सांगा, ग्रंथालयात मिळेल का ते सांगा. ज्या पुस्तकांचे हक्क संपलेत ती अधिकृतपणे मोफत मिळतात, ती लिंक जरूर द्या.

सहावी: किती वेळा लिहायचं

रोज नको. "आज वीस पानं झाली" याने चार दिवसांत सगळे कंटाळतात, तुम्हीसुद्धा. मला तीन वेळा बरं वाटतं: सुरू करताना एक ओळ, का घेतलं हे सांगणारी (कोणी सुचवलं असेल तर त्याचं नाव घ्या, त्याला फार बरं वाटतं), मध्ये कुठेतरी अडकलात तिथे एकदा, आणि संपल्यावर. मधलं सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचं नाही लिहिलं तरी चालेल.

एकाच वेळी तीन-चार पुस्तकं चालू असतील तर सगळ्यांची यादी देऊ नका, या आठवड्यात ज्याने पकडून ठेवलंय तेवढंच. बाकीची आपोआप येतील.

पुस्तक सोडून दिलं तर तेही सांगा, आणि कुठे सोडलं ते सांगा. यात कमीपणा काही नाही. काही पुस्तकं त्या वेळी आपल्यासाठी नसतात, दहा वर्षांनी तीच हातातून सुटत नाहीत. फक्त सोडलेल्या पुस्तकावर पूर्ण पुस्तकाचा निकाल देऊ नका, शंभर पानं वाचली असतील तर मत शंभर पानांचं.

आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचत असाल तर बिचकू नका, मला तर परत वाचणाऱ्यांचं ऐकायला जास्त आवडतं, कारण त्यांना कथानकाची घाई नसते आणि ते अशा जागा दाखवतात ज्या पहिल्या वाचनात दिसतच नाहीत. मागच्या वेळी कोणाची बाजू घेतली होती आणि आता कोणाची घेताय, एवढं सांगितलं तरी गप्पा रंगतात.

सातवी: दुसऱ्याने सांगितलं तर काय करायचं

हे मी खरं तर पहिलं लिहायला हवं होतं का असा विचार करत होते, कारण नवीन माणसाला सुरुवात करायला हीच सगळ्यात सोपी जागा आहे. स्वतःचं काही लिहायच्या आधी आठवडाभर फक्त इतरांच्या सांगण्याला उत्तरं द्या. उत्तर म्हणजे "अरे वा" नाही. त्याने जे एक ठिकाण सांगितलंय ते धरा आणि त्याबद्दल एक प्रश्न विचारा. तो म्हणाला संवाद फार चांगले आहेत, तर विचारा बोलीत आहेत की प्रमाण मराठीत? ती म्हणाली मध्ये संथ होतं, तर विचारा किती पानं? उत्तर द्यायला त्यांना आनंदच होतो, कारण आपण वाचतोय त्याबद्दल कोणीतरी नेमकं विचारावं असं प्रत्येकाला वाटतं आणि फारच कमी लोक विचारतात.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. "हे तर मी शाळेत असतानाच वाचलं होतं", यातून समोरच्याला काय मिळतं? "याच्यापेक्षा त्यांचं दुसरं वाच", अहो तो हे वाचतोय ना, संपू द्या. "हे काय साहित्य आहे का", हे तर कधीच नाही. रहस्यकथा, भयकथा, कॉमिक्स, लहान मुलांना वाचून दाखवायची पुस्तकं, परीक्षेसाठीचं पुस्तक, शेअर बाजाराचं पुस्तक, ऐकलेलं पुस्तक, सगळं वाचनच. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यातलं एक असं आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. भारतात ग्रंथालयशास्त्र ज्या माणसाने रुजवलं त्याने पुस्तकांची उतरंड लावली नाही, तर आपण कशाला लावायची. एकदा एखाद्याला त्याच्या पुस्तकावरून हिणवलं की तो पुन्हा काही सांगत नाही, आणि नुसता तोच नाही, ते बघणारे आणखी दहा जण गप्प होतात.

मत वेगळं असेल तर जरूर सांगा, पण पुस्तकाबद्दल सांगा, वाचणाऱ्याबद्दल नको. "मला तो नायक स्वार्थी वाटला, सातव्या प्रकरणात बहिणीशी वागतो त्यावरून" हे चालेल (समोरचा सातव्याच्या पुढे गेलाय ना ते बघून), "तुम्हाला कळलंच नाही" हे नाही.

नोंद कुठे ठेवायची

साधी वही उत्तम. तारीख, नाव, प्रकरण, एक ओळ. ज्यांना फोनवर ठेवायचंय त्यांच्यासाठी वाचनाची नोंद ठेवायची ॲप आहेत, लायब्ररीथिंग २००५ पासून आहे, गुडरीड्स २००७ पासून, आणि स्टोरीग्राफ त्यामानाने नवीन आहे. गुडरीड्सवर 'सध्या वाचतोय' असा वेगळा कप्पाच असतो, पण तारे पूर्णच द्यावे लागतात, स्टोरीग्राफवर पाव ताराही देता येतो आणि पुस्तक सोडून दिल्याची नोंदही करता येते. मराठी पुस्तक शोधताना देवनागरीत आणि रोमन अक्षरांत दोन्ही प्रकारे शोधा, एकाच पुस्तकाच्या दोन-दोन नोंदी असतात. ताऱ्यांच्या मागे फार लागू नका, अर्ध्या पुस्तकाला तारे द्यायचेच नसतात.

एक काळजी मात्र घ्या. आपण काय वाचतो त्यावरून आपल्याबद्दल बरंच कळतं. आजारावरचं पुस्तक, घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक, नोकरी बदलण्याचं पुस्तक, हे तुम्हाला चारचौघांत दाखवायचं नसेल तर नका दाखवू, ॲपची सेटिंग एकदा उघडून बघा की तुमची यादी कोणाकोणाला दिसते. सगळं वाचन सांगायलाच पाहिजे असा कुठे नियम नाही, काही पुस्तकं स्वतःपुरती ठेवण्यासाठीच असतात.

आजच सुरुवात करायची असेल तर

जे पुस्तक आत्ता अर्धवट पडलंय तेच घ्या, नवीन चांगलंसं शोधत बसू नका. नाव, लेखक, अनुवादक असेल तर तो. कुठल्या प्रकरणात खूण ठेवलीय ते. मग "मी इथे थांबले कारण" असं लिहा आणि वाक्य पूर्ण करा. एक नेमका प्रश्न जोडा. पाठवण्याआधी एकदाच वाचा, शुद्धलेखनासाठी नाही, पुढचं काही फुटलं नाही ना तेवढं बघायला. शुद्धलेखनावरून कोणी टोकलं तर दुरुस्त करून टाका आणि पुढे चला.

पहिल्या दोन-तीन वेळा उत्तर आलं नाही तर त्याचा फार विचार करू नका, बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की तिथल्या कोणी ते पुस्तक वाचलेलं नसतं. ज्याने वाचलंय तो कधी कधी महिन्यांनी येतो, नाव शोधत शोधत, आणि लिहितो की मीही त्याच प्रकरणाशी अडलोय, तुमचं पुढे काय झालं? तेव्हा उत्तर देता यावं म्हणून पुस्तक संपल्यावर आपल्या मधल्या नोंदीखाली दोन ओळी लिहून ठेवा: तेव्हा जे वाटलं होतं ते टिकलं की बदललं, आणि कुठल्या प्रकरणाला बदललं.